न वाजणारा कुकर

रस्ता वळून बाजाराकडे उतरतो त्या वळणावर एक अरुंद दुकान आहे. पाटी नाही, आणि तिची गरजही नाही. दाराबाहेर खिळ्यांना कुकरची झाकणं टांगलेली असतात आणि आतून दिवसभर शिट्ट्या ऐकू येतात. मालक, कारागीर, झाडूवाला, सगळं एकच माणूस. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे म्हणे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. सगळी गल्ली त्याला शिट्टीकाका म्हणते. घरात नवी सून आली की सासू तिला आधी दूध कुठं मिळतं ते दाखवते आणि मग शिट्टीकाकाचं दुकान, कारण तोवर सुनेनं कुकरची वाट लावलेली असते. हे सासवांचं म्हणणं. सुनांचं वेगळं आहे.

शिट्टीकाका एके काळी फार बोलका होता. रिंग बदलायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या तिप्पट वेळ त्याच्या बोलण्याला लागायचा. पोचा आलेला कुकर हातात आला की तो उलटासुलटा करून विचारायचा, "काकू, हा पडून पोचा आलाय की कुणाच्या डोक्यात घालून? खरं सांगा, त्याप्रमाणे हातोडी निवडतो." बायका हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन यायच्या. झाकण उजेडाकडे धरून तो त्याच्या नळीत फुंकर मारायचा. हवा आरपार गेली तर ठीक, नाही तर तारेनं आतला अडकलेला दाणा काढायचा, पाणी घालून कुकर शेगडीवर चढवायचा आणि शिट्टी झाल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही.

आणि गिऱ्हाईक निघालं की त्याचं ठरलेलं वाक्य असायचं. अख्ख्या गल्लीला ते पाठ होतं. "वाजणाऱ्या कुकरला घाबरू नका, न वाजणाऱ्याला घाबरा. तो गप्प आहे म्हणजे शांत झालाय असं समजू नका. आतून भरत चाललाय."

दुकानाच्या मागे पडदा आणि पडद्यामागे घर, म्हणजे एक खोली, एक ओटा आणि मागचं अंगण. बायको गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलरी लावायला जायची. नवऱ्याच्या दहा वाक्यांना तिचं एक पुरायचं, पण ते कॉलरीसारखं टोकदार असायचं. घरच्या कुकरची रिंग नेमकी कायम गळकी. कडेनं फसफस वाफ यायला लागली की ती पडद्याआडून म्हणायची, "गावाच्या रिंगा बदलून झाल्या असतील तर इकडंही बघा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"उद्या नक्की बदलतो," तो म्हणायचा. तो उद्या कधी उजाडलाच नाही.

त्यांना एकच मुलगी. शाळेत तिचं लांबलचक नाव होतं, घरात ती ठकी. लाकडाच्या बाहुलीसारखे गोल डोळे आणि तशीच ताठ मान, म्हणून ठकी. नुकती चालायला लागली होती तेव्हा एका सकाळी ती बापाच्या मांडीवर झोपली होती आणि तो एका हातानं झाकणाचे स्क्रू आवळत होता. त्याला बारीक शिट्टी ऐकू आली. त्यानं शेगडीकडं पाहिलं. शेगडी बंद होती. त्यानं हातातलं झाकण कानाशी नेलं, मग खाली वाकून मुलीच्या छातीला कान लावला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या. चष्मा कायम कपाळावर आणि त्या कायम तो शोधत असायच्या. त्यांनी ठकीची छाती तपासली, पाठ तपासली आणि सांगितलं, "बालदमा आहे."

"बाल म्हणजे मोठेपणी जाईल ना?" ठकीच्या आईनं विचारलं.

"पुष्कळांचा जातो."

त्या एका 'पुष्कळ' शब्दावर नवराबायकोनं पुढची सगळी वर्षं काढली.

छातीतल्या हवेच्या नळ्या सुजतात, आतून चिकट होतात, आत गेलेली हवा धड बाहेर पडत नाही, असं बाई समजावू लागल्या तेव्हा शिट्टीकाकाचा चेहरा उजळला. दुखणं ऐकून चेहरा उजळणारा बाप बाईंनी पहिल्यांदाच पाहिला असेल. तो म्हणाला, "म्हणजे झाकणाची नळी तुंबली, वाफ जोर लावून अरुंद वाटेनं बाहेर पडते, म्हणून वाजतं."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलं. त्यांनी दोन पंप दिले. तपकिरी रोजचा, छाती वाजो न वाजो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. निळा अडचणीचा. मग एक-एक शब्द सुटा करून सांगितलं, "शिट्टी वाढली की निळा द्या. त्यानं शिट्टी थांबली नाही, तर वेळ न घालवता इकडं या."

थांबली नाही तर या. कारागीर माणसाला नेमकं सांगितलेलं आवडतं. शिट्टीकाकानं ते वाक्य स्क्रूसारखं घट्ट पिळून मनात बसवलं.

मग घर बदललं. घासकामाची मोटर दुकानातून मागच्या अंगणात गेली, तिच्याभोवती पत्रा आला, आणि काळ्या धुळीनं भरलेला सदरा अंगणातच काढून, हातपाय धुऊन मगच तो पडदा ओलांडू लागला. उश्या दर सुट्टीला उन्हात पडायच्या. चादरी कढत पाण्यातून निघायच्या. ठकीचं कापडी अस्वल तर महिन्यातून एकदा पिशवीत घालून शेजारच्या बेकरीवाल्याच्या फ्रीजरमध्ये जायचं, त्यातले किडे मरावेत म्हणून. बेकरीवाला अस्वल परत देताना म्हणायचा, "घ्या, केक तयार आहे." पंपाला जोडायची प्लास्टिकची मोठी नळी होती, तिला ठकी भोंगा म्हणायची. सकाळी भोंगा तोंडाला लावायचा, पंप दाबायचा, सावकाश श्वास घ्यायचा, मग खळखळून चूळ भरायची. ती चूळ ठकी मुद्दाम बापाच्या पायाजवळ टाकायची.

नातेवाईक आले की सल्ले आलेच. ठकीची आत्या म्हणाली, "वहिनी, त्या पंपाची सवय लागेल हो पोरीला."

"श्वास घ्यायची सवय तिला आधीपासूनच आहे, वन्सं," ठकीची आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

आपल्या भाषेची मोठी गंमत आहे. आयुष्य सगळं तिनं एका 'दम' शब्दात कोंबलंय. दम धरा, दम खा, दमानं घ्या, दम असेल तर या मैदानात. घरात तो शब्द आला की आई चपापायची. ठकीला मात्र त्याची मजा वाटायची. एकदा अभ्यास केला नाही म्हणून बाप ओरडला, तर ती भोंगा हातात घेऊन शांतपणे म्हणाली, "बाबा, मला दम देऊ नका. माझ्याकडे माझा आहे." बाप हसत सुटला आणि अभ्यास राहिला तो राहिलाच. शाळेतली पोरं तिला 'कुकर' म्हणत. बापाचा धंदा तो आणि छातीचा आवाज हा, पोरांना आणखी काय पाहिजे! ती म्हणायची, "मग जवळ येऊ नका, भाजेल." रडत घरी आली असं कधी झालं नाही. कधी एकटीच रडली असेल तर ते कुणाला माहीत नाही.

इतर लोक ऋतू आभाळाकडे बघून ओळखतात. या घरात ते ठकीच्या पाठीला कान लावून ओळखले जात. पावसाळ्यात अंगणाकडची भिंत ओल धरायची आणि कोपऱ्यात काळी बुरशी फुलायची. बाप ती खरवडायचा, चुना द्यायचा, तोवर ठकीची रवानगी दुकानात. थंडीत सकाळी धुकं उतरायचं, तेव्हा नाकातोंडावरून मफलर, वर फक्त दोन गोल डोळे. उन्हाळा मात्र बरा जायचा. कडक ऊन पडलं की ती रस्त्यावर धावायची, घामेघूम व्हायची, आणि आईबाप एकमेकांकडे बघून काही बोलायचे नाहीत, दृष्ट लागेल म्हणून. एका उन्हाळ्यात तिला तोंडानं शिट्टी वाजवायला यायला लागली. किती दिवस नुसती फू-फू करत होती. जमली तेव्हा तिनं पडद्यामागून अशी काही मारली की बापानं धावत जाऊन शेगडी बंद केली.

कठीण दिवस ऋतूंचे नव्हतेच, कठीण दिवस दोन ऋतूंच्या मधले. शिट्टीकाका म्हणायचा, "गळती सांध्यातच लागते. भांड्याला सांधा, तसा ऋतूलाही." सगळ्यात वाईट सांधा थंडी सरून ऊन तापायला लागायचं तेव्हाचा. कोपऱ्यावरच्या जुन्या झाडाची बोंडं त्या दिवसांत फुटायची आणि गल्लीभर पांढरा कापूस उडायचा. त्यात सकाळी गारठा, दुपारी तलखी आणि वर शाळेतलं सर्दी-पडसं. लोक म्हणायचे, काय सुंदर दिसतंय! ठकीची आई खिडक्या लावून घ्यायची.

त्याच सांध्यातली ती दुपार. ठकी तेव्हा चौथीत होती. आदल्या दिवसापासून नाक वाहत होतं, सकाळी छाती वाजायला लागली म्हणून शाळा बुडवली. आईला त्या दिवशी कारखान्यात जाणं भाग होतं, नव्या वर्षाच्या गणवेशांची घाई होती. जाताना ती म्हणाली, "दुपारी फोन करा. वाजतच असेल तर मी निघते, कारखान्यात तसं सांगून ठेवते."

"तू जा. मी आहे ना," तो म्हणाला.

तो होताच. दर थोड्या वेळानं काम टाकून आत जात होता. भोंगा लावून निळा पंप दिला, शिट्टी जरा कमी झाली, पुन्हा वाढली. दुपारी पुन्हा दिला. शिट्टी तीच. आणखी एकदा देऊन पाहू आणि नाहीच थांबली तर दवाखाना, असं त्यानं ठरवलं. बेकरीवाल्याला गाडी तयार ठेवायलासुद्धा सांगून आला. मग पंप दिला आणि बाहेर येऊन कान देऊन बसला. हळूहळू शिट्टी बारीक होत गेली. मग थांबली.

त्यानं आत डोकावलं. ठकी खाटेच्या कडेला बसली होती, पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. दमलेली दिसत होती.

"बरं वाटतंय का गं?"

तिनं मान हलवली. बोलली नाही. सकाळपासून खोकून खोकून घसा बसला असेल, त्याला वाटलं.

"पड जरा."

तिनं मानेनंच नको म्हटलं. त्यानं तिच्या पाठीशी उशी लावली, केसांवरून हात फिरवला. छातीला कान लावला. काही वाजत नव्हतं. किती बरं वाटलं त्याला! बाहेर येऊन त्यानं बेकरीवाल्याला हात केला, गाडी नको, आणि कारखान्यात फोन लावला. "थांबली शिट्टी," तो म्हणाला. "तू काम उरकून ये सावकाश."

तेवढ्यात निवृत्त मास्तरीणकाकू कुकर घेऊन आल्या. समोरच्या इमारतीत एकट्या राहायच्या. म्हणाल्या, "अहो, याची शिट्टीच होत नाही. नुसता गप्प बसून राहतो. मला वाटलं, चला, बरं झालं, आवाज नाही."

शिट्टीकाका खुशीत होता. पोरीची छाती मोकळी झाली होती, ऊन कलत होतं, गिऱ्हाईक ओळखीचं होतं. झाकण उजेडाकडं धरून त्यानं नळीत फुंकर मारली. हवा जाईना. "काकू, बरं कसलं झालं?" तो म्हणाला. "वाजणाऱ्या कुकरला घाबरू नका, न वाजणाऱ्याला घाबरा. तो गप्प आहे म्हणजे शांत झालाय असं समजू नका. आतून भरत चाललाय." आणि तारेनं नळीतला दाणा काढून, तळहातावर घेऊन काकूंना दाखवला.

पडदा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता.

काकूंचा कुकर वाजला, काकू गेल्या, तेव्हा तो आत गेला. ठकी उशीला टेकली होती. मान एका बाजूला. ओठांचा रंग पाहिल्यावर पुढचं त्याला नीट आठवत नाही. तिला उचलून तो धावला, बेकरीवाल्यानं गाडी काढली, पावांचे ट्रे रस्त्यावर पडले, एवढंच. दवाखान्यात वाफेचं यंत्र लावलं, सुया टोचल्या, दोन माणसं तिच्यावर वाकून धडपडत राहिली, आणि मग ती धडपड थांबली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "शिट्टी कधी थांबली होती?" त्यांनी हळूच विचारलं.

"मघाशीच. म्हणजे... बरं वाटलं तिला, म्हणून मी..."

बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "दुखणं फार वाढलं की हवा आतबाहेर होतच नाही. मग वाजायला काही उरत नाही." "हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी आपली शिट्टी थांबली नाही तर या, एवढंच सांगत राहिले."

बाईंचं हे शेवटचं बोलणं त्याच्या कानांत शिरलंच नाही. त्याआधीचंही त्यानं डॉक्टरबाईंच्या आवाजात ऐकलं नाही, स्वतःच्या आवाजात ऐकलं. ते त्याचंच वाक्य होतं. जन्मभर गावाला सांगितलेलं. जिन्यावरून त्याची बायको पळत वर येत होती, तिच्या पदराला कॉलरीचे पांढरे दोरे चिकटले होते. बाईंनी काय सांगितलं ते त्यानं तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

दुकान उघडलं. माणूस मेलं म्हणून लोकांचे कुकर बिघडायचे थांबत नाहीत. पण शिट्टीकाका गप्प झाला. झाकण घ्यायचा, काम करायचा, वाजवून दाखवायचा, हातात द्यायचा. ते वाक्य गेलं. पोच्यांच्या चेष्टा गेल्या. बायका कुकर ठेवून हळूच निघून जात, एकमेकींना म्हणत, "नावाला शिट्टीकाका उरला." बेकरीवाला एकदा नातवाला दवाखान्यात दाखवून आला आणि सांगायला लागला, की डॉक्टरबाई हल्ली सगळ्या आईबापांना बजावतात, छाती वाजायची बंद झाली आणि पोर बोलेना, तर आनंद मानू नका, उचला आणि आणा. शिट्टीकाका ऐकत राहिला. "बरं झालं," म्हणाला, आणि मागं अंगणात जाऊन मोटर लावली. मोटर रिकामीच फिरत होती.

घरात बायकोनं कुकर लावणं बंद केलं. एक दिवस तो वर फळीवर गेला आणि भात पातेल्यात शिजू लागला. त्यानं ते पाहिलं. तिला कळलंय, त्याला वाटलं. दवाखान्यात कुणी तरी बोललं असेल. म्हणून ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून पातेल्याकडं बघत उभी राहते. ती एक दिवस विचारेल, "तुम्हाला माहीत होतं ना? अख्ख्या गावाला तर तुम्हीच सांगत होता." म्हणून तो तिच्याआधी जेवून उठायचा. ती वाढायची, तो जेवायचा, ताट उचलायचा. भांडण झालं असतं तर बरं, असं घर झालं होतं ते.

ऊन, पाऊस, थंडी, सगळं त्यांच्या दारावरून गेलं. भिंतीला बुरशी आली, कुणी खरवडली नाही. मग पुन्हा कोपऱ्यावरचं झाड फुटलं.

मास्तरीणकाकू कुकर घेऊन आल्या ती सुट्टीची दुपार होती. मागच्या वेळी कुकर घेऊन गेल्या त्याच संध्याकाळी त्या परगावी लेकीकडे गेल्या होत्या, त्या नुकत्याच परतल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"पुन्हा गप्प झालाय बघा मेला," त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या. "या वेळी मात्र मी लगेच आणला हो. तुमचं ते वाक्य मी लेकीकडे सगळ्यांना ऐकवलं. न वाजणाऱ्याला घाबरा! जावई म्हणाले, काय लाखमोलाचं बोललाय माणूस." शिट्टीकाकाच्या हातात झाकण होतं, ते त्यानं खाली ठेवलं. काकू बोलतच होत्या. "आणि ठकी कुठाय? त्या दिवशी पडद्यामागं होती, नाही का? सर्दी झाली होती म्हणालात. पण गुणी पोर, मी होते तेवढ्यात चकार शब्द नाही."

पडदा सरकला. त्याची बायको दारात उभी होती.

"कोणत्या दिवशी, काकू?" तिनं विचारलं.

"अगं, मागच्या वेळी कुकर दुरुस्त करायला आले होते, तेव्हा. असाच कापूस उडत होता."

ठकीची आई खाली बसली. मग तिनं काकूंचा हात धरून त्यांना सांगितलं. काकू स्टुलावरून उठल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुकर तिथंच टाकून निघून गेल्या.

दुकानात दोघंच उरली. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो बोलला. जमिनीकडं बघत, तुटक तुटक. डॉक्टरबाईंनी काय विचारलं, काय सांगितलं, आणि पडद्याच्या अलीकडे उभा राहून तो त्याच वेळी काय सांगत होता. "मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नसेल माहीत. मला होतं. झाकणाचं कळलं आणि पोरीचं कळलं नाही."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमचा फोन आला तेव्हा मी पिशवी खांद्याला लावून उभी होते. निघालेच होते. तुम्ही म्हणालात थांबली, तर मी पिशवी खाली ठेवली. ओरडून सगळ्यांना सांगितलं, माझ्या ठकीची शिट्टी थांबली म्हणून. बायकांनी टाळ्या वाजवल्या हो. मशिनी थांबवून टाळ्या वाजवल्या. आणि मी परत कॉलरी लावायला बसले. वर गाणं म्हणत होते."

त्यानं मान वर केली.

"मला वाटलं, मी आले नाही म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "आले असते तर निदान तिच्याजवळ बसले असते. रोज वाटायचं, आज म्हणाल, उद्या म्हणाल."

"आणि मला वाटलं, तू कुकर वर ठेवलास म्हणजे तुला कळलंय."

"कुकर?" तिला आधी कळेनाच. "तो वाजायचा ना, तर दर वेळी मला वाटायचं, आहे. ठकी आहे आत. एवढंसंच वाटायचं, लगेच जायचं. ते सोसेना म्हणून वर ठेवला."

त्याच्या तोंडून एक आवाज निघाला आणि त्यानं तो तोंडावर हात दाबून आत ढकलला, इतके दिवस ढकलत होता तसाच. खांदे तेवढे हलत राहिले. तिनं पुढं होऊन तो हात धरला आणि तोंडावरून ओढून काढला.

"मोठ्यानं रडा," ती म्हणाली. "गल्ली ऐकू दे, काय ऐकायचं ते. पण गप्प बसू नका. या घरात आता कुणी गप्प बसायचं नाही. मला भीती वाटते."

मग तो रडला. बेकरीवाला हातातलं काम टाकून बाहेर आला आणि दुकानाच्या दाराशी येऊन थांबला. काकूंचं झाकण शेगडीशेजारी तसंच पडलं होतं, नळीत दाणा अडकलेलं.